आमच्या खोऱ्यात कुणी कुणाचा फोन ऐकत नाही

बाक्की,
१९ फेब्रुवारी

तीर्थरूप सोलवेगताईच्या पायाशी,

धाकट्या भावाचा नमस्कार. गुडघा जेवढं वाकू देतो तेवढं वाकून केला आहे, उरलेला उन्हाळ्यात करीन. तू, दाजी आणि दाजींचा खोकला यांचं कसं काय चाललं आहे? (खोकल्याला गेल्या ऑक्टोबरात सात वर्षं पूर्ण झाली, म्हणून त्याची वेगळी चौकशी.) इकडे मी, चार गाई, एकसष्ट मेंढ्या आणि कुत्रा असे सगळे खुशाल आहोत. बर्फ खिडकीच्या अर्ध्यापर्यंत आलं आहे, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा कमी, पण गेल्या वर्षीही आम्ही असंच म्हणत होतो.

तुझं पत्र परवा पोचलं. खिंड बंद असल्यामुळे टपाल सध्या केटिलच्या पाठीवरून येतं. तो स्कीवरून किनाऱ्यापर्यंत जातो, आणि परत येताना पाकिटांवरची अक्षरं ओळखून आतल्या मजकुराचा अंदाज बांधत असावा, कारण पत्र हातात देताना म्हणाला, ‘‘ताईंचं आहे. काळजीचं काही नसावं.’’ तू विचारलं आहेस की नाताळला पाठवलेलं पुस्तक गुद्नी आत्याला आवडलं का, आणि विशेषतः शेवट आवडला का. पुस्तक आवडलं. शेवटाचं शेवटी सांगतो. पण ताई, हात जोडतो, हा प्रश्न फोनवर कधीही विचारू नकोस. का, ते कळायला हे सगळं पत्र वाचावं लागेल, तेव्हा कॉफीची किटली जवळ घेऊनच बस.

पहिली गोष्ट म्हणजे ते पुस्तक आत्यापर्यंत पोचलंच नाही. पार्सल शेवटच्या ट्रकनं माझ्याकडे आलं, आणि मी ते उद्या पाठवू म्हणेस्तोवर बर्फ सुरू झालं. (‘उद्या’ हा माझा दोष तुला लहानपणापासून माहीत आहे, त्यावर पुन्हा लिहू नकोस.) आत्या नोव्हेंबरात अंगणातल्या बर्फावर घसरली, खुबा मोडला, तेव्हापासून होल्टच्या आपल्या घरी खाटेवर पडून आहे. डोळ्यांत मोतीबिंदू, अक्षरं तिला मुंग्यांसारखी दिसतात. ओद्दुरनं आईला वाचून दाखवावं म्हणशील, तर ओद्दुर गेल्या वर्षभरात तीन वाक्यं बोलला, त्यातलं एक घोड्याशी. नाताळच्या संध्याकाळी सगळं खोरं नवं पुस्तक आणि चॉकलेटची वाटी घेऊन पांघरुणात शिरलेलं असताना आत्या एकटी छताकडे बघत पडली होती. मी शुभेच्छा द्यायला फोन केला, तर म्हणाली, ‘‘छताला एकोणीस फळ्या आहेत रे हॉस्कुल्द. मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी एकोणीसच.’’ हे वाक्य मला काही पचेना. आत्या आयुष्यात एकदाच खोऱ्याबाहेर गेली आहे, दात काढायला, आणि त्या दिवशी धुकं होतं. बाकी ती जिथे जिथे गेली ती पुस्तकांतून, आणि आता तो रस्ताही बंद झाला होता.

तिला भेटायला कुणी जात नव्हतं का? नव्हतं. सगळे म्हणायचे, ‘‘जायला हवं, पण बर्फ फार आहे.’’ मीही म्हणायचो. माझ्यापाशी निदान गुडघा होता, शिवाय मधली नदी.

म्हणून दोन जानेवारीला मी भिंतीवरच्या फोनचा दांडा फिरवला, एक लांब आणि तीन आखूड घंटा दिल्या, आणि आत्याला म्हटलं, ‘‘पाठीला उशी घे. आपण वाळवंटात निघालो आहोत.’’ वेळ दुपारी चारची ठरवली, म्हणजे धारांच्या आधी तासभर मिळतो.

आता तू राजधानीत राहून विसरली असशील म्हणून सांगतो. आमच्या अकरा घरांना अजून एकच तार आहे. एक लांब आणि तीन आखूड ही होल्टची घंटा असली तरी ती अकराही घरांत वाजते, आणि ज्याची घंटा नसेल त्यानं रिसीव्हर उचलायचा नाही असा नियम आहे. हा नियम आम्ही सगळे इतका कसोशीनं पाळतो की कुणी कुणाचा फोन ऐकत नाही, ऐकला असं कुणी म्हणत नाही, आणि शेजारच्या सिगुरलौगला तुझ्या मुलीच्या साखरपुड्याची बातमी माझ्याआधी कळली ती देवाच्या कृपेनं. पण तारेला हे नियम माहीत नसतात. जेवढे रिसीव्हर उचलले जातील तेवढा आवाज बारीक होत जातो.

पहिल्या दिवशी दोन ‘टक्’ ऐकू आले. एक केटिलचा, कारण त्याच्या मागे त्याचा कुत्रा ढेकर देतो. दुसरा पाद्री इंगिमुंदुरचा, कारण चर्चच्या घरातलं मोठं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे आणि पहिल्या पानावर मिठाच्या व्यापाऱ्याची विधवा सालिमा हरवलेल्या भावाला शोधायला उंटांच्या तांड्याबरोबर निघते न निघते तोच त्यानं टोले दिले. तिसऱ्या दिवशी सिगुरलौगचं विणकामाचं यंत्र ऐकू आलं. आठवड्याभरात मी मोजायचं सोडून दिलं. दुपारी चारला खोऱ्यात कुणी अंगणात दिसेना. गुरांच्या डॉक्टरला एका अडलेल्या गाईसाठी तातडीचा फोन करायचा होता, त्याला लाइन मिळेना. (गाय आपली आपण व्याली. तिनं बहुधा वाट बघून नाद सोडला.)

आणि मग सत्त्याऐंशीवं पान आलं. ताई, एक्याऐंशी वर्षांच्या बाईला पुस्तक पाठवताना सत्त्याऐंशीवं पान चाळून बघायची पद्धत राजधानीत नाही का? सालिमा आणि तांड्याचा म्होरक्या इद्रिस वादळात एका तंबूत शिरतात, आणि पुढची अडीच पानं, मी अविवाहित माणूस, मी काय सांगू! तारेवर पाद्री होता, केटिलची बायको होती, आणि पाठीमागे माझ्या गाईसुद्धा होत्या. मी वाचलं, ‘‘ते तंबूत शिरले. सकाळ झाली.’’ आत्या म्हणाली, ‘‘वाळवंटात फार लवकर उजाडतं म्हणायचं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी केटिल स्कीवरून नदी ओलांडून तीन किलोमीटर आला. कानस मागायला. कानस त्याच्याच घरची, मी शरदात आणलेली, ती त्याच्या हातात दिली. तरी तो बसला. साखरेचा खडा दातात धरून तीन कप कॉफी प्यायला, गाईंची चौकशी केली, आणि टोपी घालताना दाराकडे बघत म्हणाला, ‘‘मी आपलं सर्वसाधारण बोलतोय हं, हॉस्कुल्द. पण माणसानं वाचायचं काम अंगावर घेतलं, तर जे छापलंय ते वाचावं.’’

‘‘सर्वसाधारणपणे बरोबर आहे,’’ मी म्हटलं.

‘‘म्हणजे एखाद्यानं मधलीच अडीच पानं गाळली, समज.’’

‘‘अडीच कशावरून?’’

केटिल कानसेसारखा लाल झाला (कानस गंजलेली होती) आणि म्हणाला, ‘‘आकडा आपला सुचला म्हणून सांगितला.’’ त्याच दुपारी सिगुरलौग लोकर उसनी मागायला आली, जिच्या घरी लोकरीवाचून पाऊल टाकायला जागा नाही. तिनंही सर्वसाधारणच सांगितलं: वादळात सापडलेल्या बायकांचं पुढे काय होतं ते कळलं नाही तर रात्री झोप लागत नाही. पाद्री मात्र आला नाही. त्यानं रविवारी, चर्चला पोचलेल्या सहा माणसांसमोर, धर्मग्रंथातला कुठलाच भाग लाजून गाळू नये यावर प्रवचन दिलं. सोमवारी मी अडीच पानं डोळे मिटून वाचली. डोळे मिटून कसं वाचता येतं विचारू नकोस, तोवर पाठ झाली होती.

पुढचे दहा-बारा दिवस, ताई, काय सांगू! बाहेर उणे चौदा असायचं आणि केटिल दारात येऊन शर्टाची कॉलर सैल करायचा. सिगुरलौगनं धुरावलेल्या मटणात मनुका घातल्या. चर्चच्या घरी पाणी घोटाघोटानं प्यायला लागले, आणि ते कशासाठी, बाहेर सहा फूट बर्फ असताना! केटिलच्या घरी कालवड झाली, तिचं नाव त्यानं लुलू ठेवलं. लुलू हे सालिमाच्या उंटिणीचं नाव. कुठून सुचलं विचारलं, तर म्हणाला, त्याच्या पणजीचं नाव होतं. केटिलच्या पणजीला मी ओळखत नसलो तरी ती लुलू नव्हती यावर मी पैज लावायला तयार आहे. आणि मी स्वतः? मी रोज संध्याकाळी धार काढताना पश्चिमेच्या बर्फाकडे बघत बसायचो आणि मला ती मिठाची शेतं दिसायची. छप्पन्न वर्षं जो डोंगर बघतोय त्याच्या पलीकडे काहीतरी आहे हे मला पहिल्यांदा मनापासून पटलं.

पण एकोणतीस जानेवारीला, तहानलेला तांडा ऐन विहिरीपाशी पोचत असताना, आत्या म्हणाली, ‘‘हॉस्कुल्द, मोठ्यानं वाच.’’ मी मोठ्यानं वाचलं. तीस तारखेला तिनं तीनदा सांगितलं. एकतीसला मी इतका ओरडलो की गोठ्यातल्या गाई उत्तर द्यायला लागल्या. तरी आत्याचा आवाज तारेच्या दुसऱ्या टोकाकडून आला, अगदी बारीक: ‘‘राहू दे रे. वाळवंट लांब गेलं माझ्यापासून. बहुतेक माझे कानही चालले.’’ आणि फोन ठेवला.

मी त्या भिंतीपाशी किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. तिचे कान गेले नव्हते, ताई! नऊ घरांतले नऊ रिसीव्हर तिच्या वाट्याचा आवाज पीत होते, आणि होल्ट तारेच्या अगदी शेवटाला. ज्या बाईसाठी ही सगळी सफर काढली, तिलाच आम्ही वाळवंटात मागे टाकून पुढे निघालो होतो. मला रडू आलं हे मी लिहून टाकतो, कारण तू बघितलेलं नाहीस.

आता उपाय काय? ‘कृपया फोन ठेवा’ असं म्हणायची सोय नाही, कारण फोन कुणी उचललेलाच नाही. मी एक फेब्रुवारीला सुरुवातीलाच सर्वसाधारण बोलून बघितलं: चुकून कुणाचा रिसीव्हर खुंटीवरून घसरला असेल तर तो परत ठेवावा. एकही टक् आला नाही. कसा येईल! ज्याचा टक् वाजेल तो ऐकत होता असं सिद्ध होईल. केटिलच्या कुत्र्यानंसुद्धा श्वास रोखला.

मग मी पुस्तक उघडलं आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. पानावर नव्हतं ते वाचलं. मी वाचलं की तांड्यात एकच पखाल उरली होती. रात्रीच्या मुक्कामाला सगळे आपले, दुसऱ्या कुणाला कळणार नाही अशा बेतानं, एक एक घोट घेत. एका घोटानं काय होतं, असं प्रत्येक जण म्हणे. आणि तांड्याच्या शेवटी, सगळ्यांत मागच्या उंटावर, सालिमाची म्हातारी आत्या होती. पखाल तिच्यापर्यंत पोचायची तेव्हा कोरडी असायची. ती तक्रार करत नव्हती. ती फक्त म्हणाली, बहुतेक मला तहान लागायचीच बंद झाली. इद्रिसनं तांडा थांबवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला: ज्याला लाज असेल त्यानं पखालीचं तोंड बांधावं, मी मान वळवून उभा राहतो.

मी वाचायचं थांबलो. खरोखर मान वळवली, भिंतीकडे, जशी काही सगळी मंडळी मला तारेतून बघणार होती. तारेवर चर्चच्या घड्याळाची टिकटिक तेवढी चालू होती. मग टक् झालं. कुत्र्याची ढेकर गेली. मग आणखी एक, विणकामाचं यंत्र गेलं. मग दोन एकदम. सगळ्यांत शेवटी घड्याळ गेलं, पाद्रीच तो, त्याला मुद्दा कळायला वेळ लागतो. आणि ताई, तार अशी स्वच्छ झाली की मला होल्टच्या चुलीवरची किटली ऐकू आली. आत्या म्हणाली, ‘‘अरे! तू खाटेवर येऊन बसलास की काय?’’

गोष्ट इथे संपायला हवी होती. मला त्या रात्री आपण फार मोठे झालो असं वाटलं, पण त्याचबरोबर वाईटही. नऊ घरांनी आपली सफर सोडून दिली होती, तीही ऐन विहिरीपाशी, आणि कुणाला सांगता येत नव्हतं की आपण काही सोडलं.

दुसऱ्या दिवशी चारला मी घंटा दिली, तर ओद्दुरनं फोन उचलला आणि म्हणाला, ‘‘थांब. बसताहेत.’’ (यंदाच्या वर्षाचं त्याचं पहिलं वाक्य, की दोन धरायची, तू ठरव.) कोण बसताहेत? केटिल सहकुटुंब, मेंढीच्या औषधासाठी आला होता. सिगुरलौग आत्याचं माप घ्यायला आली होती, स्वेटरसाठी. पाद्री आजाऱ्याला भेटायला, जे त्याचं कामच आहे आणि जे त्याला नोव्हेंबरपासून आठवलं नव्हतं. एकूण अकरा माणसं. जे बर्फ तीन महिने ‘फार’ होतं, ते एका रात्रीत स्कीखाली मावलं. ओद्दुरनं रिसीव्हर पितळी परातीत ठेवला, त्यानं आवाज खोलीभर होतो, आणि आत्या खाटेवर मधोमध, हाताशी पॅनकेकची चळत. तेव्हापासून रोज हेच चालू आहे. मी इथे एकटा भिंतीशी उभा राहून वाचतो, आणि तिकडून कपबश्यांचा आवाज, हसणं, आत्याचं ‘‘गप्प बसा रे, इद्रिस बोलतोय’’ असं सगळं येतं. आत्यानं फळ्या मोजायचं सोडलं. परवा पाद्रीच्या खांद्याला धरून ती खिडकीपर्यंत चालली, उंट दिसतात का बघायला.

तर असं आहे. पुस्तकाबद्दल आत्याकडून आणि सगळ्या खोऱ्याकडून तुझे आभार. माझ्यासाठी गुडघ्याला चोळायचं ते घोड्याचं मलम दोन बाटल्या पाठव, बाकी काही नको. दाजींना आणि खोकल्याला नमस्कार.

तुझा,
हॉस्कुल्द

ता. क. मलम राहू दे. ताई, खरं सांगतो. तुझं पुस्तक दोनशे चाळीस पानांचं आहे, आणि ते सहा फेब्रुवारीलाच संपलं. म्हणजे माझ्यापुरतं. सालिमाला भावाची कबर सापडते, ती घरी परतते, दार लावून घेते, समाप्त. हे मी त्या अकरा माणसांना वाचून दाखवणार होतो? दार लावून घेतलं की सगळे उठले असते, टोप्या घातल्या असत्या, आणि आत्या पुन्हा एकोणीस फळ्यांखाली. म्हणून कबर भलत्याच माणसाची निघाली आणि तांडा पुढे निघाला. गेले तेरा दिवस तो मीच हाकतो आहे. मला जे येतं तेच मी घालतो: शरदात, आपण मेंढ्यांचं करतो तसं, सगळ्या तांड्यांचे उंट कुंपणात गोळा करून कानांच्या खाचा बघून ज्याचे त्याला वाटले. केटिलनं विचारलं, सर्वसाधारणपणे उंटांच्या कानांना खाचा करतात का? पाद्रीनं सांगितलं, करतात, त्यानं विश्वकोशात वाचलं आहे. पण काल माझ्या हातून तांडा समुद्राला पोचला, आणि पलीकडे कुठला देश असतो मला माहीत नाही. नकाशांचं पुस्तक आणि गरम देशांची मिळतील तेवढी पुस्तकं पाठव. पार्सलवर ‘लोकरीचे मोजे’ असं लिही. आणि त्या पुस्तकाची दुसरी प्रत या खोऱ्यात कुणालाही, विशेषतः पाद्रीला, पाठवू नकोस. माझी अब्रू तुझ्या हातात आहे. या पाकिटाला मी तीन ठिकाणी लाख लावली आहे, कारण ते केटिलच्या पाठीवरून जाणार.

ता. ता. क. लाख फोडून हे लिहितो आहे. आत्ताच आत्याचा फोन आला, सगळे गेल्यावर. म्हणाली, ‘‘तुझ्या वाळवंटात मेंढ्यांची पैदास जरा जास्तच झालीय रे.’’ ‘‘आणि इद्रिस कॉड माशाच्या तेलाचा चमचा घेतो.’’ मी विचारलं, आत्या, कधीपासून कळलं? म्हणाली, ‘‘पखालीपासून. छापील माणूस इतका रागावून बोलत नाही.’’ मी म्हटलं, मग खरा शेवट वाचून दाखवू का? लहान आहे. तिकडे किटली वाजत होती, आणि तार, ताई, पुन्हा अगदी मोकळी होती. मग म्हणाली, ‘‘बर्फ वितळायला अजून दहा आठवडे आहेत, हॉस्कुल्द. रस्ता मोकळा झाला की सगळे आपापल्या कामाला लागतील. तोवर त्या पोरीला घरी पोचवू नकोस.’’